रिळाची किंमत कशात?

शेलूबाजारच्या मुलखात समुद्र नाही. आहे ते अडाण धरणासारख्या जलाशयांचं गोडं पाणी आणि त्यातले रोहू, कटला, मृगळ. गळाच्या रिळांची तुलना करताना मी आधी हे पाणी डोळ्यांपुढे आणतो. रिळं बनवणाऱ्यांत शिमानो ही १९२१ साली सायकलच्या भागांपासून सुरू झालेली जपानी कंपनी, दाइवाही जपानचीच. पेन अमेरिकेची, तिचं नाव झालं खाऱ्या पाण्यात. समुद्री रिळात मीठ आत शिरू नये म्हणून जी बंदिस्ती केलेली असते, तिचे पैसे इथल्या माणसाने का मोजावेत?

खोक्यावरचा बॉल बेअरिंगचा मोठा आकडा मला पुरावा वाटत नाही. नीट बसवलेली चार बेअरिंगं दहा हलक्यांना भारी पडतात. खरी परीक्षा ड्रॅगची, म्हणजे सुटणाऱ्या दोऱ्याला आवरणाऱ्या ब्रेकची. आत एकावर एक चकत्या असतात. कटल्याने ओढ घेतली की दोरा झटका न देता, एकसारखा सुटला पाहिजे. चकती अडखळली की दोरा तुटलाच. दुकानात नुसतं हँडल फिरवून हे कळत नाही. दोरा हाताने ओढून पाहावा लागतो.

कुणी म्हणेल, स्वस्तातलं घ्या, मोडलं की दुसरं. पण ते मोडतं नेमकं मासा लागल्यावर. म्हणून नावाजलेल्या कंपनीचं मधल्या किमतीचं रीळ मला रास्त वाटतं, सुटे भाग मिळणार असतील तर. आणि नुसत्या हातदोऱ्यावर मासा खेळवणाऱ्यांचं कसब? ते या हिशेबात कुठे धरायचं, हे मला अजून सुटलेलं नाही.