विहीणबाईंची भाषा

नवी भाषा शिकावी ती लहान वयांत, असें आपल्याकडे सर्वजण म्हणतात, आणि तें बहुधा खरेंहि असावें. परंतु माणसाला भाषेची गरज केव्हां पडेल हें कांहीं त्याच्या वयावर अवलंबून नसतें. माझ्या मुलाचें लग्न स्पेनमधील बायादोलिद शहरच्या मुलीशीं झालें, तेव्हां मीं साठी ओलांडली होती. सूनबाई इंग्रजी उत्तम बोलते. त्यामुळें तिच्यामाझ्यांत कधीं अडचण आली नाहीं. अडचण होती ती विहीणबाईंची. त्यांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नाहीं, आणि मला तीन भाषा येतात त्यांत स्पॅनिश नाहीं. लग्नांत आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून पुष्कळ हंसलों. पुढें नात झाली. तेव्हां नुसत्या हंसण्यानें भागेना. दोन आज्यांना एका नातीविषयीं जें बोलावयाचें असतें, तें मुलामार्फत किंवा सुनेमार्फत बोलतां येत नाहीं. कारण त्यांतलें बरेंचसें त्या दोघांविषयींच असतें.

तरुण मुलांच्या वर्गांत जाऊन बसण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून मीं घरींच, सॉफ्टवेअरच्या साह्यानें, अभ्यास आरंभिला. ह्या शिक्षणाची रीत आतां बहुतेक घरांतून परिचित झाली आहे. पडद्यावर चार चित्रें येतात, एक आवाज येतो, योग्य चित्रावर बोट ठेवावयाचें. मग वाक्य ऐकावयाचें, तें लिहावयाचें, शेवटीं स्वतः म्हणावयाचें. उत्तर बरोबर आलें कीं घंटा वाजते. एक दिवस चुकला तर पुष्कळ दिवसांची साखळी तुटते, आणि ती तुटूं नये म्हणून प्रवासांतहि माणूस रात्रीं अकरा वाजतां उठून बसतो. ह्यांतला बालिशपणा मला कळतो, परंतु त्याचा उपयोगहि कळतो. आमच्या पंतोजींनीं जें छडीनें साधलें तेंच येथें घंटेनें साधतें, आणि घंटा केव्हांहि बरी.

यंत्राच्या पोटांत मात्र एक गंभीर विचार आहे. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळानें किती विसरतात हें मोजलें, आणि १८८५ सालीं तें प्रसिद्ध केलें. विसरणें आरंभीं झपाट्यानें होतें, पुढें मंदावतें, असें त्याला दिसलें. ह्याचा लाभ घेऊन सेबास्टियन लाइटनर ह्या पत्रकारानें १९७२ सालीं शब्दांचीं कार्डें निरनिराळ्या कप्प्यांत ठेवण्याची युक्ति लोकांपुढें मांडली: जो शब्द आठवला तो पुढच्या कप्प्यांत जावयाचा आणि उशीरां परत यावयाचा, जो विसरला तो पुन्हां पहिल्या कप्प्यांत. संगणक हेंच काम हिशेबानें करतो. नवें लोणचें पहिल्या आठवड्यांत रोज हलवावें लागतें, मग चारआठ दिवसांनीं, पुढें महिन्यानें हात लावला तरी चालतें. तसाच हा प्रकार. ‘रामः रामौ रामाः’ हीं रूपें आम्ही पाठ केलीं तेव्हां हें कोणी सांगितलें असतें तर कितीतरी सकाळ वांचल्या असत्या.

परंतु ह्या सॉफ्टवेअरमध्यें मराठी नव्हती. स्पॅनिशकडे जाण्याची वाट इंग्रजीच्या अंगणांतून होती, आणि तेथें एक चमत्कारिक गोष्ट घडूं लागली. ‘मे गुस्ता एल मांगो’ हें वाक्य आलें. त्याखालीं इंग्रजींत लांबलचक टीप होती: येथें आवडणारा माणूस कर्ता नाहीं, आंबाच कर्ता आहे, आंबा मला आनंद देतो असा कांहीसा अर्थ समजावा, विद्यार्थ्यांना हें प्रथम विचित्र वाटेल, पण धीर सोडूं नये. मीं टीप दोनदां वाचली आणि मग वाक्याकडे नुसतें पाहिलें. ‘मला आंबा आवडतो.’ आंबे अनेक असले तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. ‘मला आंबे आवडतात.’ क्रियापद आंब्याच्या मागें जातें, माझ्या मागें नाहीं, हें मला जन्मापासून येत होतें. धीर सोडण्याचा प्रश्नच नव्हता. ‘मे पारेसे’ म्हणजे ‘मला वाटतें’. ‘मे दुएलेन लोस पिएस’ म्हणजे ‘माझे पाय दुखतात’. ज्या दारापाशीं इंग्रज विद्यार्थी अडखळतो तें आपल्यासाठीं उघडेंच आहे. इंग्रजीचें बोट धरून गेलें तर मात्र आपणहि उगीच अडखळतों.

त्या दिवसापासून मीं एक वही केली. डाव्या पानावर स्पॅनिश वाक्य, उजव्या पानावर मराठी. इंग्रजीला वहींत मज्जाव. ह्या वहीनें मला जें दाखविलें तें कोणत्याहि टिपेंत नव्हतें. त्यांतला सर्वांत सुंदर नमुना हा. स्पॅनिशमध्यें ‘मी चाव्या शोधतें’ हें ‘बुस्को लास याबेस’ असें सरळ होतें. पण ‘मी माझ्या मुलाला शोधतें’ म्हणावयाचें तर ‘बुस्को आ मि इहो’, मध्यें एक ‘आ’ घालावा लागतो. कर्म माणूस असेल तर ‘आ’, निर्जीव वस्तु असेल तर बहुधा नाहीं. आपला ‘-ला’ अगदीं हेंच करतो. चावीला आपण ‘मी चावी शोधतें’ म्हणतों, मुलाला मात्र ‘-ला’ लावल्याखेरीज राहत नाहीं. येवढ्यावर थांबलें असतें तरी नवल होतें, पण साम्य ह्याहून खोल जातें. ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे ‘मी डॉक्टर शोधतें आहें’, कोणीहि चालेल. आणि ‘बुस्को आ उन मेदिको’ म्हणजे ‘मी एका डॉक्टरांना शोधतें आहें’, जे माझ्या माहितीचे आहेत. मराठींत ‘-ला’ आणि ‘-ना’ ह्यांच्या असण्यानसण्यानें हाच फरक पडतो, आणि तो आपल्याला कोणीं शिकविलेला नसतो. दोन भाषांचीं गांवें हजारों मैल दूर; एकमेकींकडून ही रीत त्यांनीं उचलली असण्याचा संभव नाहीं. व्याकरण इतकें एकमेकांसारखें वागतांना पाहून, प्रवासांत अनोळखी बाईच्या कमरेला आपल्याच घराण्याचा चाव्यांचा जुडगा दिसावा तसें मला झालें.

चावीवरून आठवलें. ‘याबे’ आणि ‘चावी’ ह्या खरोखरीच मावसबहिणी आहेत. आपली चावी गोव्याच्या पोर्तुगीजांनीं आणली, ती लॅटिनमधल्या ‘क्लाविस’पासून, स्पॅनिशनें त्याच शब्दाचा ‘क्ल’ झिजवून ‘य’ केला, पोर्तुगीजांनीं ‘च’कडे नेला. पगार, मेस्त्री, पिंप, बटाटा हे शब्द असेच पोर्तुगीज दारानें घरांत आले आणि स्पॅनिशमध्यें त्यांचे भाऊबंद भेटतात. तेथें ‘पागार’ म्हणजे पैसे देणें. हापूस तर मूळचा अफोन्सो, आणि विहीणबाईंच्या एका चुलत्यांचें नांव अल्फोन्सो. फळाचें नांव माणसाला कसें, असें त्यांना विचारण्याचा मोह मीं आवरला, कारण प्रश्न त्यांच्या बाजूनें पाहिला तर उलटा होता.

सगळीकडेच असें नातें जुळतें असें मात्र नाहीं. ‘आहे’ ह्या एका शब्दासाठीं त्यांना दोन क्रियापदें लागतात, ‘सेर’ आणि ‘एस्तार’, आणि येथें मराठी फारसें साह्य करीत नाहीं. पुस्तकें सांगतात कीं कायमच्या गोष्टीला सेर आणि तात्पुरत्या गोष्टीला एस्तार. मग मृत माणसाला एस्तार कां? मरणाहून कायमचें दुसरें काय आहे? वहीच्या उजव्या पानानें थोडा प्रकाश पाडला: मेलेला, दमलेली, बसलेला, उघडलेलें, असें जेथें मराठींत ‘-लेला’ बसतें तेथें बहुधा एस्तार येतो, कांहीं घडल्यानंतर उरलेली ती स्थिति असते. पण गांव कोठें आहे हें सांगावयाचें झालें कीं हा दिवाहि विझतो, कारण तेथें एस्तारच लागतो आणि गांव कांहीं कोणीं तेथें नेऊन ठेवलेलें नसतें.

यंत्राची स्पॅनिश ही अमेरिका खंडांतली होती, हें विहीणबाईंशीं प्रत्यक्ष बोलूं लागल्यावर दिसूं लागलें. यंत्र ‘ग्रासियास’ म्हणे, त्या जीभ दातांत धरून ‘ग्राथियास’ म्हणत. यंत्राचा बटाटा ‘पापा’, त्यांचा ‘पाताता’, आणि आपल्या शब्दाला अधिक जवळचा तोच. यंत्राच्या स्पॅनिशमध्यें अनेकांना ‘उस्तेदेस’ म्हणत. बायादोलिदला घरच्या मंडळींना ‘बोसोत्रोस’ म्हणतात आणि त्याचीं क्रियापदें वेगळीं. हीं मला व्हिडिओ कॉलवर सूनबाईनें शिकविलीं.

परंतु खरा पेंच ‘तू’चा होता. स्पॅनिशमधला ‘तू’ उच्चारानें हुबेहूब आपला ‘तू’ आहे, आणि अर्थानेंहि तोच, मूळ एकच. आदरार्थीं शब्द ‘उस्तेद’, तो ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे, म्हणून त्याचें क्रियापद तृतीयपुरुषी असतें. आपल्याकडे ‘सरकारांनीं बसावें’ म्हणत, तसें. यंत्र पहिल्या दिवसापासून ‘तू’ शिकवीत होतें. शब्द परका असता तर एकवेळ जिभेवर आलाहि असता. पण विहीणबाईंना, मुलीच्या आईला, माझ्याहून चार वर्षांनीं मोठ्या बाईला, ‘तू’ म्हणावयाचें! मीं ‘उस्तेद’ धरून ठेवला. त्या पहिल्या दिवशीं हंसल्या, दुसऱ्या दिवशीं म्हणाल्या, ‘मला उस्तेद म्हणूं नये,’ आणि तिसऱ्या वेळीं सूनबाईनें मला बाजूला घेऊन सांगितलें कीं आईला वाईट वाटतें. तिला वाटतें, तुम्ही तिला अजून दूरचीच समजतां. आमच्या घरांत जो शब्द मान देतो तोच त्यांच्या घरांत अंतर ठेवतो. ह्यावर मीं कांहीं दिवस विचार केला. आपणहि आईला ‘तू’ म्हणतों आणि देवालाहि ‘तू’ म्हणतों. स्पॅनिश लोकहि देवाला प्रार्थनेंत ‘तू’च म्हणतात. पुढच्या रविवारीं मीं ‘तू’ म्हटलें. म्हणतांना पदर सावरला गेला, हें सूनबाईनें पाहिलें, विहीणबाईंनीं पाहिलें नाहीं.

त्यानंतर आमचें बोलणें वाढलें, आणि त्यांत एक गोष्ट वहीनें आधींच सोपी करून ठेवली होती. स्पॅनिशमध्यें दोन भूतकाळ आहेत. एक, एकदां घडून संपलेल्या गोष्टीचा: ‘फुए’, गेली. दुसरा, पूर्वीं नेहमीं घडत असलेल्या गोष्टीचा: ‘ईबा’. इंग्रजीला ह्यासाठीं जास्तीचे शब्द जोडावे लागतात, आणि सॉफ्टवेअरनें ह्या विषयाला धड्यामागून धडे दिले होते. मीं उजव्या पानावर एकच शब्द लिहिला होता: ‘जाई’. आजकालच्या बोलण्यांत हें रूप मागें पडत चाललें आहे. माझा मुलगा ‘जायची’ म्हणतो. पण माझ्या आजीच्या गोष्टी ह्याच रूपांत सांगितल्या जात. आजी पहाटे उठे, दळण दळी, ओव्या गाई. ‘से लेबांताबा, मोलीआ, कांताबा.’ शब्दास शब्द.

विहीणबाई आपल्या आईविषयीं सांगत होत्या. खेड्यांतलें घर, थंडीचे दिवस. आई अंधारांत उठे, चूल पेटवी, मुलांचे कपडे तिच्यापुढें धरून ऊन करी, मग एकेकाला उठवी. क्रियापदामागून क्रियापद त्याच काळांत येत होतें, आणि मधले कांहीं शब्द निसटले तरी मला सर्व समजत होतें. त्या थांबल्यावर मीं माझ्या आजीचें सांगितलें. ‘जातें’ ह्याला यंत्रानें शब्द दिलेला नव्हता; मीं ताटांत वाटी उपडी ठेवून ती फिरवून दाखविली. ‘मोलिनो दे मानो,’ त्या म्हणाल्या, हातचक्की. आणि ती काय गाई तें गाऊन दाखव, असा आग्रह धरला. मीं दोन ओव्या म्हटल्या. त्यांना अर्थ कळला नाहीं. नात त्यांच्या मांडीवर बसून ऐकत होती. तिला दोन्ही भाषा येतात, पण वय चार वर्षांचें, आणि ‘जातें’ म्हणजे काय हें तिनें पाहिलेलें नाहीं. तिनें आजीला स्पॅनिशमध्यें सांगितलें कीं पुण्याची आजी म्हणते, ती जाते.