न येणारा निरोप

आपल्या अंगच्या उणिवेस गुण समजून तिचा अभिमान बाळगणे, ही मनुष्यस्वभावातील एक मौजेची खोड आहे. तिचे उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जावयास नको. पन्नाशी उलटल्यावरही परीक्षेच्या दालनात 3 तास पर्यवेक्षण करताना आम्हांस एकदाही लघुशंकेस उठावे लागत नसे. बरोबरीचे प्राध्यापक एकामागून एक दाराकडे वळत. आम्ही मात्र अढळ! ह्या निग्रहाचे श्रेय आम्ही आमच्या नियमित राहणीस देत असू. 12 वर्षांपूर्वी जडलेला मधुमेह त्या वेळी आमच्या हिशेबातच नव्हता.

ह्या अभिमानाची फेड लवकरच झाली. एका सत्कारसमारंभात व्यासपीठावरून उठतो, तोच साधा खोकला आला आणि त्यासरशी विजार भिजली. नुकतीच मिळालेली शाल कमरेखाली ओढून घेऊन आम्ही कशीबशी अब्रू राखली. सत्काराच्या शालीचा इतका प्रत्यक्ष उपयोग क्वचितच कोणास झाला असेल!

त्यानंतर आम्ही केले ते शहाण्या मनुष्यास न शोभणारे होते. हे वयाचे दुखणे असे स्वतःच ठरवून पाणी पिणे कमी केले, आमंत्रणे नाकारली, नाशकास लेकीकडे जाणे तीनदा टाळले. अखेर एके रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, लेकीच्या घरी पाऊल टाकायला आता तुम्हांला कमीपणा वाटतो का?" हा प्रश्न आम्हांस त्या व्यासपीठावरील प्रसंगाहून अधिक झोंबला. सर्व हकीकत सांगून टाकली. त्या क्षणभर गप्प राहिल्या व म्हणाल्या, "एवढ्यासाठी पोरीला वर्षभर रडवलंत? उद्याच डॉक्टरांकडे चला."

डॉक्टरांनी जे समजावले ते येथे देतो; कारण आमच्यासारखे मुकाट्याने सोसणारे गृहस्थ अनेक घरांत असतील. निरोगी मूत्राशयात साधारण 150 ते 200 मिलिलिटर मूत्र साठले की पहिली सूचना मज्जारज्जूच्या द्वारे मेंदूकडे जाते. योग्य स्थळकाळ येईपर्यंत मेंदू थोपवून धरतो. मग मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो आणि त्याच वेळी दाराचा स्नायू सैल पडतो. दीर्घकाळच्या मधुमेहाने निरोप नेणारे मज्जातंतूच झिजतात. म्हणजे आमचा तो निग्रह नव्हता. तो बहिरेपणा होता. निरोपच न आल्यामुळे मूत्राशय जुन्या पखालीसारखे ताणत गेले व त्याचे बळ ओसरले. लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली, तेव्हा आत अर्धा लिटर मूत्र शिल्लक होते! आम्ही ज्यास गळती समजत होतो, ते भरल्या घागरीवरून ओघळणारे पाणी होते. असे मूत्र साठून राहिले की जंतुसंसर्ग होतो, आणि त्याचा दाब उलट वर चढून मूत्रपिंडांस अपाय करू शकतो.

ह्याच्या उलटही प्रकार आहे. मज्जारज्जूस वरच्या भागी इजा झाली असता मूत्राशय मेंदूची आज्ञा न घेताच आकुंचन पावते आणि कित्येकदा दाराचा स्नायूही त्याच क्षणी आवळला जातो. तेथे मूत्राशय शांत करणारी औषधे द्यावी लागतात. तीच आमच्यासारख्याने घेतल्यास कोंडमारा अधिक वाढावयाचा. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये. दाब मोजणारी तपासणी करवून घ्यावी, हे उत्तम.

आम्हांस सांगितलेला उपाय ऐकून मात्र आमचा चेहरा उतरला. साखर ताब्यात ठेवणे, पाणी बेताने पण पुरेसे पिणे, लघवीची वेळ व माप वहीत टिपणे, हे सर्व मान्य. परंतु दिवसातून 4 वेळा स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करावयाचे! डॉक्टरांनी तेव्हा थोडा इतिहास ऐकविला. पहिल्या महायुद्धात कणा दुखावलेले पुष्कळ सैनिक मूत्रमार्गाच्या संसर्गानेच दगावले. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे 1944 साली कणा दुखावलेल्यांचा विभाग सुरू करणाऱ्या लुडविग गुटमन ह्यांनी ठरावीक वेळी निर्जंतुक नळीने मूत्राशय रिकामे करण्याचा परिपाठ ठेवला. पुढे 1972 साली अमेरिकेतील जॅक लॅपिडीस ह्यांनी दाखविले की, हे काम रोग्यास घरी स्वतःसही करता येते. मूत्राशय ताणले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो व संसर्ग बळावतो. सबब नळी पूर्ण निर्जंतुक असण्यापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामे होणे अधिक महत्त्वाचे. धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे.

पहिल्या दिवशी परिचारिकेसमोर आमचे हात थरथरले. पंधरवड्यात ते काम दाढीइतके सवयीचे झाले. मज्जातंतू काही पूर्ववत झाले नाहीत, होतील असे आश्वासनही कोणी दिले नाही. परंतु शिल्लक साठा राहिला नाही, गळती थांबली, आणि रात्री झोप येऊ लागली.

गेल्या दिवाळीत आम्ही नाशकास गेलो. वाटेत संगमनेरास सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बारा वाजले." आम्ही पिशवी घेऊन निमूटपणे उतरलो. आतला निरोप आता येत नाही. तो बाहेरून आणून देणारे माणूस घरातच होते, आणि त्यासच आम्ही वर्षभर काही सांगितले नव्हते.