काठी कोणत्या हातात?

लकवा झालेला पेशंट घरी यायच्या आधीच वॉकर येऊन बसलेला असतो. शेजारी सुचवतात, मुलगा धावत जाऊन आणतो. पण उजवी बाजू गेली की उजवी मूठच धरत नाही. दोन्ही हातांनी उचलायचा तो सांगाडा उचलणार कसा? त्यातून भटवाडीतल्या एका खोलीत तो पलंग आणि कपाटामध्ये वळतही नाही. मग त्यावर टॉवेल वाळतात.

मी शक्यतो काठीवर येते, आणि तिथे पहिला वाद होतो. "मॅडम, लुळ्या बाजूलाच आधार हवा ना?" नाही, काठी चांगल्या हातात. लुळ्या पायावर भार आला की कंबर चांगल्या बाजूला खचते. टेकू तिथे लागतो. हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे धरताना कोपर जरासं वाकतं. आणलेली काठी बहुधा उंचच लावलेली असते, काकांचा खांदा कानाला भिडलेला. बटण दाबून पाइप दोन भोकं खाली घेतला की चाल तिथल्या तिथे बदलते.

चौपायी काठी घरातल्या लादीवर झकास. बाहेर पेव्हर ब्लॉकवर तिचे तीनच पाय टेकतात आणि ती डुगडुगते. तिथे एकपायी बरी. फक्त रबरी टोपी पावसाळ्याआधी बदलायची.

पाऊल लोंबत असेल तर एएफओ, पोटरीमागून तळव्याखाली जाणारा, घोटा काटकोनात धरणारा प्लास्टिकचा साचा. हाजीअलीला १९५५ पासून असलेल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत तो मापाने करून मिळतो. (मुलुंडहून जायचं तर दादरला गाडी बदला. चालता येत नाही म्हणून निघालेल्या माणसाने!) पण मिळाल्यावरची अडचण मोठी. तो बुटात घालायचा असतो, नुसत्या लादीवर घसरतो. घरात बूट, तेही देवासमोर? आजी ठाम नाही म्हणतात. मग उंबरठ्याबाहेर कधीच न गेलेले नवे कॅनव्हासचे बूट आणायचे, आतलं सोल काढून जागा करायची. एवढ्यावर आजी सहसा राजी होतात.

असल्फ्याच्या टेकडीवरच्या पेशंटला जिना आधी शिकवावा लागतो: चढताना चांगला पाय पुढे, उतरताना लुळा.

चाल सुधारली की घरातली काठी मीच सोडायला लावते. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर मात्र नाही. तिथे ती मागून येणाऱ्या गर्दीला दिसायला हवी.