चंद्रपूरच्या उन्हात घरची साठवण

आज पन्नाशीत असलेल्या चंद्रपूरच्या माणसाने घरातले कागद आणि आठवणी किती जागी हलवल्या, ते आठवून पाहावं. आधी पत्र्याची पेटी होती. तिच्यात सातबारा, वाटणीपत्र, शाळेचे दाखले. मग फोटोंचे अल्बम आले, ज्यांची पानं पावसाळ्यात एकमेकांना चिकटत. मग उन्हात खिडकीशी राहिल्या की वाकड्या होणाऱ्या कॅसेटी, मग सीडी, मग टेबलाखाली घरघरणारा डेस्कटॉप, आणि आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये वेगवेगळा पडलेला फोटोंचा ढिगारा. पेटीला वीज लागत नव्हती आणि ती स्वतः तापत नव्हती. घरातला फाईल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली एका जागी सांभाळणारा आणि चोवीस तास चालू असणारा छोटा संगणक, स्वतःच उष्णता तयार करतो. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत, तिथे त्याला थंड कसं ठेवायचं, हा प्रश्न पंखे मोजून सुटत नाही. माझ्या मते हिशेब वॉटपासून सुरू करावा. तसा केला तर शांतता आणि थंडावा यांच्यात भांडण राहत नाही. दोन्ही एकाच निवडीतून मिळतात.

संगणकाने ओढलेली वीज शेवटी सगळी उष्णताच होते. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून जुंपला तर तो रिकामा बसूनही ६० वॉटच्या आसपास घेतो. वर्षाला सव्वापाचशे युनिट. ६ वॉट क्षमतेचा आजचा लहान प्रोसेसर, प्रणालीसाठी एक एसएसडी आणि दोन मोठ्या डिस्क एवढ्यावर भागवलं तर हाच आकडा २० वॉट, म्हणजे वर्षाला १७५ युनिटांवर येतो. आता हवेचं गणित बघा. संगणकाच्या पेटीतून सेकंदाला १० लिटर हवा गेली, तर ६० वॉट त्या हवेला ५ अंशांनी तापवतात आणि २० वॉट पावणेदोन अंशांच्या आत. एवढी हवा १४ सेंटिमीटरचा एकच पंखा अगदी सावकाश फिरूनही देतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून चार सेंटिमीटरचे किंचाळणारे पंखे आधी काढून टाकावेत. कोणी म्हणेल, उन्हाळ्यात शेजारी कूलर गर्जत असताना सर्व्हरचा आवाज ऐकतो कोण? पण कूलर वर्षातून चार महिने चालतो, सर्व्हर बारा महिने. पोरांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांची झोप उरलेल्या आठ महिन्यांतही असते.

वॉट कमी झाले की एकच गोष्ट महत्त्वाची उरते: आत शिरणारी हवा किती अंशांची आहे. इथे घर बांधणाऱ्यांचं जुनं शहाणपण कामी येतं. जाड मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेल्या घरात दुपारचं ऊन माजघरात पोचायला कित्येक तास लागतात. सिमेंटच्या स्लॅबखाली मात्र दिवसभर साठलेली आग रात्री आठ-नऊला खाली उतरते, त्यामुळे वरच्या मजल्यावरची खोली दुपारपेक्षा तेव्हाच जास्त नकोशी होते. तरीही लोक असलं यंत्र हमखास माळ्यावर, नाहीतर दारामागच्या बंद कपाटात सरकवतात, जिथे घरातली सगळ्यात गरम हवा कोंडलेली असते. त्याची जागा तळमजल्यावर, आतल्या खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीशी आणि जमिनीपासून वीतभर वर. वीतभर एवढ्यासाठी की केर लोटताना उडणारी धूळ आत जाऊ नये. कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्राच्या या मुलखात धूळ हा काही किरकोळ मुद्दा नाही. हवा घेणाऱ्या तोंडावरची जाळी महिनाभराने काढून पाहिली तर बोटाला लागते ती काळपट, तेलकट भुकटी. हीच भुकटी प्रोसेसरवरच्या पात्यांत बसली की पंख्याला वेग वाढवावा लागतो आणि शांतता संपते.

कूलरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, त्याच्या ओलाव्याने यंत्र गंजेल. दुसरं म्हणतं, कूलर आहे तर काळजी कशाला. खरं या दोन्हींच्या मध्ये आहे. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. खसची किंवा वुडवूलची ताटी नीट भिजलेली असेल तर कूलरमधून निघणारी हवा ३० अंशांच्या आसपास मिळते. माठ याच नियमावर चालतो. ओलाव्याची भीती इथे फारशी खरी नाही, कारण चालू यंत्र खोलीपेक्षा नेहमी थोडं गरम असतं आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही. भीती आहे ती थेट उडणाऱ्या तुषारांची आणि त्यांतल्या क्षारांची. म्हणून झोताच्या समोर सर्व्हर ठेवू नये. पाऊस लागला की मात्र कूलरचा उपयोग संपतो. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तो दोन-तीन अंशांपलीकडे काही देत नाही, उलट खोली कोंदट करतो. तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवून आखलेली रचना जुलैत तोंडघशी पडते आणि २० वॉटची रचना तेव्हाही तशीच चालते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला आणि तापमान व बिघाड यांचं नातं समजलं जातं तेवढं घट्ट नाही, असं दाखवलं. मग एवढी यातायात कशाला? अभ्यास खरा आहे आणि तो मानायला हवा. डिस्क २५ अंशांवर ठेवायचा हट्ट निरर्थक ठरतो. पण त्याच अभ्यासात ४५ च्या वर, विशेषतः वयस्क डिस्कमध्ये, बिघाड वाढलेला दिसतो. चालू डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा सहज दहा अंशांनी गरम असते. ४२ अंशांच्या खोलीत ती ५२ वर जाते, ३३ च्या खोलीत ४३ वर. आपली लढाई नेमकी या दोन आकड्यांमधली आहे. बॅटरीला तर अशी सवलतही नाही: यूपीएसमधल्या शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं. चंद्रपुरात डिस्कच्या आधी तीच जाते.

एसी लावला की सगळं मिटेल, हे उत्तर मला पटत नाही, आणि त्यामागे निव्वळ बिलाचं कारण नाही. दुर्गापूरजवळच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारांतून बाहेर जातो. उरलेली उष्णता चिमण्यांतून आणि शीतक मनोऱ्यांतून याच आभाळात सुटते. राज्याच्या दिव्यांची झळ सोसणाऱ्या गावाने चार फायली थंड ठेवायला खोलीभर हवा थंड करावी, हे मनाला लागतं.

मग फायली दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवरच का ठेवू नयेत? शहरात हा पर्याय सोयीचा आहे. गडचिरोलीत उतरलं की चित्र बदलतं. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून वाहू लागला की पलीकडची गावं तुटतात, आणि अशा दिवसांत नेटवर्कचाही भरवसा नसतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे देशात सर्वांत आधी, २००९ मध्ये, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक; २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने आले. असा हक्क कागदांवर उभा असतो: नकाशे, ठराव, हजेरीच्या सह्या, जंगलवापराच्या हक्कांची नोंद असलेलं जुनं निस्तारपत्रक, बांबूविक्रीचा हिशेब. ज्या गावाने हे कागद स्वतः जमवले, त्याला ते बघायला टॉवरची वाट पाहावी लागू नये. २० वॉटचा सर्व्हर लहानशा सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालतो, ६० वॉटच्या यंत्राला तिप्पट सामान लागतं. सुरुवातीचा वॉटचा हिशेब जंगलात असा थेट पैशांत उतरतो.

पूर सर्व्हरलाही सोडत नाही, हे खरं. त्यासाठी दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी: तालुक्याला नातेवाइकाकडे किंवा शेजारच्या ग्रामसभेकडे ठेवलेली एक डिस्क, जी मृग लागण्याआधी आणून भरायची, तिच्यातल्या चार फायली उघडून तपासायच्या आणि परत पोचवायची. सर्व्हरमधल्या एका डिस्कवरून दुसरीवर होणारी रोजची नक्कल मात्र पहाटे तीन ते पाचमध्ये लावावी, कारण स्लॅब तोपर्यंत निवलेला असतो.