एका जुन्या तलवारीची ओळख

माणदेशात पावसाने पाठ फिरविली की घरोघरी जुन्या वस्तूंची आठवण होते. कोणी तांब्याचा हंडा मोडीत घालतो, कोणी पितळी समई काढतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कोरड्या हंगामात, खंडेनवमीस आठवडा राहिला असता, आमच्या नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर दाराशी घुटमळत उभा राहिला. त्याच्या घरी जपानी सेनापतीची तलवार होती, एक व्यापारी ती मागत होता, आणि आजीचे म्हणणे असे की आधी गुरुजींनी ती पाहावी.

जुन्या तलवारी पाहण्याचा आमचा छंद गावास ठाऊक आहे. आमच्या मालकीची तलवार मात्र एकही नाही. आमचा संग्रह म्हणजे एक जाड वही. पाहिलेल्या प्रत्येक तलवारीचे रेखाचित्र, पात्याची लांबी, मुठीची घडण आणि पात्यावरील खुणा आम्ही तीत नोंदवितो. हा छंद आम्हांस एका अपराधातून जडला, आणि तो अपराध येथे कबूल केल्यावाचून पुढील हकिकत सांगणे बरे नव्हे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका स्नेह्याने आपली वडिलोपार्जित तलवार आम्हांस दाखविली. पाते गंजाने तांबडे झाले होते. उत्साहाच्या भरात आम्ही चिंच आणि विटेची भुकटी घेतली व दुपारभर ते घाशीत बसलो. संध्याकाळी पात्यात तोंड दिसू लागले आणि उभयतांस मोठी धन्यता वाटली. महिन्याभराने स्नेह्याचे वृद्ध चुलते घरी आले. तलवार हाती घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "पाठीवरची सोन्याची अक्षरे कोठे गेली?" लहानपणी त्यांनी ती पाहिली होती, वाचली मात्र नव्हती. त्या अक्षरांत कोणाचे नाव होते हे आता जगात कोणीही सांगू शकणार नाही. ते आम्ही पुसले.

अशा अक्षरांचे मोल काय असते हे २०२५ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लंडन येथील सदबीज या लिलावगृहात २९ एप्रिल रोजी नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांची तलवार निघाली आणि आपल्या शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपात घडलेले असून मूठ मराठा धाटणीची आहे. दूरदेशीची पाती त्या काळी जहाजांतून आपल्या किनाऱ्यास येत, येथील कारागीर त्यांस आपली मूठ चढवीत आणि अशा तलवारीस 'फिरंग' म्हणत. रघुजींचे नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब त्या पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलेला आहे. मध्यंतरी आमच्यासारखा एखादा हौशी भेटला असता, तर ते नाव कधीच विटेच्या भुकटीत गेले असते.

असो. ठरल्या दिवशी आम्ही माणगंगेच्या काठच्या त्या घरी गेलो. आजींनी ऐंशी ओलांडली होती. त्यांचे सासरे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. या रेजिमेंटची चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशक येथे जपान्यांशी निकराने लढली होती. सासरे युद्धानंतर घरी परतले तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली ही तलवार त्यांच्यासंगे होती. ब्रह्मदेशात एका सेनापतीस लोळवून त्यांनी ती हिसकावली, असे घरात सांगत. व्यापाऱ्यानेही ते ऐकले होते. तो म्हणाला होता की, "मास्तरांनी 'सेनापतीची' अशा दोन ओळी लिहून दिल्या, तर दुप्पट पैसे देतो." आजींच्या नातीस परिचारिकेच्या शिक्षणास प्रवेश मिळाला होता आणि फी भरण्यास थोडेच दिवस उरले होते. हे सर्व ऐकून तलवार उघडण्यापूर्वीच आमचा हात जड झाला.

जपानी तलवार ओळखावयाची कशी, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पात्याचे मूळ मुठीत घालून राळेने अथवा लाखेने पक्के करीत. जपानात ते मुठीस आरपार जाणाऱ्या बांबूच्या एका लहानशा खुंटीने धरलेले असते. खुंटी काढली की मूठ सुटते आणि आतील लोखंडावर कित्येकदा घडविणाऱ्याने आपले नाव कोरलेले आढळते. तेथील काळा गंज कधीही काढू नये, कारण पात्याचे वय त्यावरूनही ताडता येते. दुसरी खूण धारेची. आपला लोहार कुऱ्हाडीच्या धारेस तेवढे पाणी देतो. जपानी लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतो, धारेवर पातळ देतो आणि मग तापलेले पाते पाण्यात बुडवितो. धार झटकन निवून कठीण होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी एक नागमोडी रेघ उमटते. तिसरी खूण मुठीची. चांगल्या तलवारीची मूठ लाकडाची असते, तिच्यावर पाखट माशाचे खरखरीत कातडे असते आणि त्यावरून फीत गुंडाळलेली असते.

आम्ही म्यानातून पाते हलकेच काढले. मूठ लांबून फीत गुंडाळल्यासारखी दिसत होती; परंतु बोट फिरविताच कळले की फीत आणि कातडे दोन्ही धातूच्या ओतकामात उठविलेली आहेत. बांबूची खुंटी नव्हती. तिच्या जागी स्क्रू होता. पात्याची खाच यंत्राने पाडलेली, एकसारखी होती. नागमोडी रेघ कोठेही नव्हती. मुठीजवळ पात्यावर ठशाने एक क्रमांक उठविलेला होता, आणि लोखंडी म्यानाच्या तोंडाशीही तोच क्रमांक होता. शंकेस जागा उरली नाही. जपानी लष्कराने १९३५ साली, म्हणजे त्यांच्या राजशकाच्या २५९५ व्या वर्षी, हवालदार वगैरे अंमलदारांसाठी जो नमुना ठरविला, त्यास त्या शकावरून 'पंचाण्णव नमुना' म्हणतात. त्या नमुन्याच्या तलवारी कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाल्या. सेनापती अशी तलवार बाळगीत नसे. शिवाय १९४५ च्या शरणागतीनंतर जपान्यांनी तलवारी जेत्यांच्या हाती दिल्या, आणि तलवारी घरोघरी पोहोचल्या त्या बहुधा अशाच मार्गाने. लोळविलेल्या सेनापतीची गोष्ट आमच्याने पुढे रेटवेना.

आजी आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. दोन ओळी लिहिल्या असत्या तर कोणाचे काय गेले असते? एका मुलीची फी भागली असती. हा विचार आमच्या मनात आला नाही असे म्हणणे लबाडीचे होईल. पण त्याच वेळी वाघनखांची आठवण झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाठविलेली वाघनखे १९ जुलै २०२४ रोजी सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. ती पूर्वी ग्रँट डफच्या घराण्यात होती. तथापि अफझलखानाच्या प्रसंगी वापरलेली ती हीच, हे पडताळता आलेले नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच स्वच्छ सांगितले. एवढ्या थोर संस्थेस जे सांगण्याची लाज वाटली नाही, ते आम्हांस का वाटावी? शिवाय एकदा आम्ही एका तलवारीवरील खरे नाव पुसले होते. आता दुसरीवर खोटे नाव लिहावयाचे काय?

आम्ही म्हणालो, "आजी, ही सेनापतीची नव्हे."

"मंग कुणाची?"

"हवालदाराची. कारखान्यातली. नाव नाही, नुसता नंबर आहे."

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पात्यावरील त्या आकड्यांवरून बोट फिरवीत म्हणाल्या, "आमचं मामंजी बी हवालदारच हुतं. त्यांचा बी नंबरच हुता." थोड्या वेळाने त्या नातवास म्हणाल्या, "त्येचं बी घर असंल कुठंतरी. ठिव आत."

व्यापारी पुन्हा आला नाही. फीसाठी आजींनी तीन शेळ्या विकल्या. आमच्या सत्याची किंमत त्या घराने भरली, हे आम्ही विसरलेलो नाही. नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही बसून भरून दिला. आमच्या हाती तेवढेच होते. खंडेनवमीस ती तलवार विळा, खुरपे आणि नांगराच्या फाळाशेजारी मांडलेली आम्ही पाहिली. आमच्या वहीत तिचे पान आहे. त्यावर क्रमांक आहे, आणि खाली लिहिले आहे: 'दोन हवालदारांची.'

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी जुनी तलवार असेल तर ती घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, खुणांची छायाचित्रे काढा आणि वडीलधाऱ्यांकडून तिची हकिकत आजच लिहून घ्या. हकिकत आणि पुरावा मात्र वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसास ती परदेशी पाठविता येत नाही. शस्त्र घरी ठेवण्याविषयी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे नियम आहेत. पालकांनी ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावेत. आणि गंजाखाली अक्षरे आहेत की नाहीत हे ठाऊक नसेल, तर ती आहेत असेच धरून चालावे.