शेवटच्या वळणापर्यंतचा ब्रेक

मोटारीविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते बहुतांशी तिच्या धावण्याविषयी असते. लिटरमागे किती किलोमीटर जाते, चढावर दमते का, पुढचे वाहन ओलांडताना कशी सुटते, हे प्रश्न गाडी घेणारा हमखास विचारतो. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. विहिरीवर रोज पाणी काढणाऱ्याचे जसे कठड्याकडे लक्ष नसते, तसेच हे. कठडा आहे हे गृहीतच असते. तो हलू लागला की मग मात्र दुसरे काही सुचत नाही.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्रांशी आमचा संबंध वापरापुरता. तरीही गेल्या वर्षी महिनाभर आमच्या घरात डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल यांवाचून दुसरा विषय नव्हता. त्याला कारण कुंभार्ली घाट. आमच्यापैकी एकीच्या वडिलांना दर पंधरवड्याला चिपळूणहून कराडला तपासणीसाठी न्यावे लागते. येताना हेळवाक सोडले की पोफळीपर्यंत उतारच उतार. नुकतीच घेतलेली गाडी जुन्या बाजारातली, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली साधी हॅचबॅक. एका परतीच्या फेरीत, भरलेल्या ट्रकमागून हळूहळू उतरताना, अर्ध्या घाटात ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. पहिल्या वळणांवर पायाखाली जो कठीणपणा होता तो राहिला नाही; पाय खाली खाली जाऊ लागला. गाडी थांबली, रुंद जागा पाहून कडेला घेतली, अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले. मागच्या सीटवर वडील झोपलेले होते. त्यांना आम्ही पुढे कधी सांगितलेही नाही. पण ब्रेक बदलायचे हे त्याच वेळी ठरले.

काय बदलायचे हे ठरवण्यासाठी आधी ब्रेक काय करतो ते समजून घेणे भाग होते. ब्रेक गती नाहीशी करत नाही, तो तिची उष्णता करतो. माणसांसकट १२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, की सुमारे साडेचार लाख ज्यूल ऊर्जा चाकांतल्या लोखंडात जाते. पुढच्या दोन डिस्कचे वजन मिळून दहा किलो आणि त्यांच्या वाट्याला सत्तर टक्के काम असे धरले, तर एवढ्या एका थांबण्याने त्या सुमारे सत्तर अंशांनी तापतात. आता घाटाचा हिशेब पाहा. हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जेची वासलात लावायची असते. म्हणजे ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी. तेवढ्या उष्णतेत बंबातले वीस लिटर पाणी उकळीला येईल. याच सह्याद्रीवरून कोयनेचे पाणी खाली उतरते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज होते. आमची गाडी त्याच डोंगरावरून उतरते आणि तिच्या उंचीची नुसती धग होते. काही भाग हवा, टायर आणि इंजिन खातात. उरलेला सगळा ब्रेकच्या माथी.

या हिशेबाने आमचा प्रश्नच बदलला. आम्ही 'अधिक जोरात लागणारा ब्रेक' शोधत होतो. परंतु जोराचा प्रश्न आमच्या गाडीत नव्हताच. सपाट रस्त्यावर पाय दाबला की चाके अडण्याच्या बेताला येत आणि एबीएस जागे होई. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता ठरवतात, डिस्क नव्हे. आम्हांला हवा होता तो पहिल्या वळणावर जसा लागतो तसाच शेवटच्या वळणावर लागणारा ब्रेक.

ब्रेकच्या इतिहासातही हाच प्रश्न दिसतो, हे वाचताना लक्षात आले. हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थाने १८९७ साली डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात ब्रेकची अस्तरे बनवायला आरंभ केला, तेव्हा त्याच्यासमोर उतारावरून येणाऱ्या घोडागाड्या होत्या. 'फेरोडो' हे आजही बाजारात असलेले नाव त्याच्याच आडनावावरून झालेले. डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टरने १९०२ साली घेतले. पण त्याचा खरा दबदबा वाढला तो १९५३ साली, जग्वारच्या सी-टाइप गाडीने डनलॉपच्या डिस्क वापरून ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. ही शर्यत चोवीस तासांची. तिथे एकदाच कचकन थांबून भागत नाही. रात्री, पहाटे, दुपारी तेच वळण येते आणि ब्रेकने तेच उत्तर द्यावे लागते. उघड्यावर फिरणाऱ्या डिस्कला वारा लागतो आणि ती निवते. ड्रममध्ये उष्णता कोंडते.

इतकी तयारी करून आम्ही बाजारात उतरलो. तिथे आम्हांला पहिल्यांदा दाखवण्यात आल्या त्या भोके पाडलेल्या डिस्क. दिसायला त्या देखण्या, यात शंका नाही. पूर्वीच्या पॅडमधील चिकट द्रव्ये तापली की वायू सुटे आणि त्याचा थर पॅड व डिस्क यांच्यामध्ये येई. तो निघून जावा हा भोकांचा मूळ हेतू. आजच्या पॅडमध्ये ही अडचण फारशी उरलेली नाही. उलट, भोके पाडली म्हणजे उष्णता साठवणारे लोखंड तेवढे कमी झाले, आणि पुनःपुन्हा तापण्या-निवण्याने भोकांच्या कडेला तडे जाण्याची भीती वाढली. तिरप्या खाचांची डिस्क त्या मानाने बरी. खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ ठेवतात, पाणीही बाहेर काढतात. पण त्या थोडा आवाज करतात आणि पॅड लवकर झिजवतात. आमच्या मेकॅनिकने दोन्ही डिस्क हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाला, "सर, मॅडम, ही शोभा आहे. तुम्हांला वजन पाहिजे. साधीच घ्या, पण चांगल्या ओताची घ्या."

संस्कृत काव्यशास्त्र शिकवताना क्षेमेंद्राचा औचित्यविचार आम्ही वर्षानुवर्षे वर्गात मांडत आलो आहोत. अलंकार सुंदर असून भागत नाही, तो योग्य ठिकाणी असावा लागतो. गॅरेजच्या तेलकट बाकावर बसून तो विचार पुन्हा ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते.

आम्ही घेतल्या त्या मूळ मापाच्याच, मधून हवा खेळणाऱ्या, अधिक कार्बन असलेल्या बिडाच्या डिस्क. अशा बिडात ग्रॅफाइट जास्त असल्याने उष्णता लवकर पसरते आणि कंपही कमी होतात. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाव्यतिरिक्त बाकीच्या भागावर गंजरोधक लेप असलेल्या डिस्क निवडल्या, कारण कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीत डिस्कवर तांबूस थर चढतो. घासणाऱ्या भागावरचा गंज दोन-चार ब्रेकांत जातो. आतल्या पाकळ्यांचा जात नाही. मोठ्या व्यासाच्या डिस्कचाही पर्याय होता. त्यासाठी कॅलिपर बदलावा लागतो, कदाचित चाकेही, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा कारखान्यात जमवलेला तोल बिघडतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेतील फेरफारांवर बंधने घालते. रोजच्या गाडीला हा उपद्व्याप कशासाठी?

पॅडची निवड मात्र खरी परीक्षा पाहणारी ठरली. पॅड स्थूलमानाने तीन जातींचे. सेंद्रिय पॅड मऊ, शांत आणि डिस्कला जपणारे. पण फार तापले की त्यांची पकड सुटते. धातुमिश्रित पॅड उष्णतेला अधिक टिकतात, पण काळी भुकटी आणि किरकिर पदरात टाकतात. सिरॅमिक पॅड स्वच्छ आणि शांत, शहरातल्या वापराला छान. याशिवाय शर्यतीचे पॅड मिळतात. त्यांचे आकर्षण मोठे, पण ते पुरेसे तापल्यावाचून कामाला लागत नाहीत. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच चौकात शाळेतले मूल आडवे आले, तर थंडगार पॅडने काय करावे? घाटासाठी घेतलेला ब्रेक गल्लीत फसणारा असून चालणार नाही.

इथे आमच्या पेशाने साहाय्य केले. पॅडच्या पाठीवर आणि कडेला बारीक अक्षरे छापलेली असतात. ती वाचण्याची चिकाटी आमच्याकडे होती. अमेरिकी पद्धतीत तिथे दोन रोमन अक्षरे येतात. पहिले सामान्य तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. ज्या पॅडवर 'एफई' लिहिलेले असते तो थंडीत एक आणि तापल्यावर दुसरा; 'एफएफ' असला तर दोन्ही वेळी त्याच पट्ट्यात राहणारा. एकेका अक्षराचा पट्टा रुंद असल्याने ही दोन अक्षरे म्हणजे अंतिम निकाल नव्हे, पण दिशा कळते. युरोपीय पॅडवर 'आर-९०' या नियमाची खूण असते. तिचा अर्थ असा की पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक वेगळी नाही. आम्ही 'एफएफ' अक्षरांचा, कमी धातू असलेला रस्त्याचा पॅड घेतला. आपल्याला हवी असलेली गोष्ट दोन सारख्या अक्षरांत लिहिलेली सापडावी, याचे समाधान काही निराळेच.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेकॅनिकने ब्रेक ऑइल काढले तेव्हा ते काळपट चहासारखे दिसत होते. आधीच्या मालकाने ते केव्हा बदलले होते याची नोंद कुठेच नव्हती. हे द्रव्य हवेतले बाष्प शोषते. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पण पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४'चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जाते. घाटात आमच्या पायाखाली घडले ते बहुधा हेच. तेव्हा सगळी डिस्कची खरेदी एकीकडे आणि ही एक बाटली एकीकडे. आम्ही 'डॉट ४' भरले आणि दर दोन वर्षांनी ते बदलायचे असे डायरीत लिहून ठेवले. रबरी नळ्याही तपासून घेतल्या.

डिस्क बसवण्यापूर्वी हबवरचा गंज ब्रशने साफ करणे, नव्या डिस्कवरचे तेल पुसणे, चाकाचे नट ठरलेल्या जोरानेच आवळणे, ही कामे क्षुल्लक वाटतात. पण 'डिस्क वाकडी झाली' म्हणून जी थरथर नंतर जाणवते तिचे मूळ बहुधा इथेच असते. डिस्क सहसा वाकत नाही. नीट न बसल्याने तिची जाडी असमान होते किंवा पॅडचे द्रव्य तिच्यावर कमीजास्त चिकटते. म्हणून पॅड मुरवावेही लागतात. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी केला आणि मग ब्रेकला हात न लावता काही किलोमीटर गाडी चालवून ते निवू दिले. लोणचे मुरायला ठेवल्यासारखेच हे. घाई केली की बिघडते.

त्यानंतर अनेक फेऱ्या झाल्या. आता गाडी पूर्वीपेक्षा कमी अंतरात थांबते का? सपाटीवर तरी तसे काही जाणवत नाही, आणि जाणवावे अशी अपेक्षाही उरलेली नाही. फरक कळतो तो पोफळी जवळ येते तेव्हा. तिथेही पेडल तेवढेच वर, तेवढेच कठीण असते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम आम्हीही पाळतो. इंजिनने जेवढे ओझे उचलले तेवढे ब्रेकचे कमी. चांगला ब्रेक घेतला म्हणून तो जास्त वापरावा असे नाही.

वडिलांना या सगळ्यातले काही ठाऊक नाही. हेळवाकला चहा झाला की ते मागे टेकून डोळे मिटतात, आणि घाट संपल्यावर विचारतात, "शिरगाव आलं का गं?"