रस्ते लिहून आणा

स्टुटगार्टच्या उत्तरेकडच्या झुफनहाउझन भागात, पोर्शेच्या कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका आतल्या गल्लीत मायस्टरांचं गॅरेज होतं. जर्मनीत गॅरेज चालवायचं आणि शिकाऊ मुलं हाताखाली घ्यायची, तर सहसा मायस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा पास करावी लागते. त्यांचं ते प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होतं. हाताखालची पोरं त्यांना ‘मायस्टर’ म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांची नोंद कुठल्याही पावतीवर नाही, म्हणून ती इथे करतो आहे.

मी पुण्याचा, इंजिनांच्या कामातला. नोकरीमुळे स्टुटगार्टला आलो आणि इथेच संसार थाटला. पोर्शे 911 शाळेत असल्यापासून माझ्या मनात होती. गोल दिवे, मागे उतरत गेलेलं छत आणि मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन. पै पै साठवून 2011 च्या सुमारास जुनी 911 घेण्याइतकी पुंजी जमली, तेव्हा एका सहकाऱ्याने मायस्टरांचं नाव सुचवलं.

गॅरेजात त्या वेळी विकायच्या दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्ही त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या. एक 1982 ची 911 एससी, दुसरी 1981 ची 928 एस. पहिली अस्सल स्पोर्ट्स कार. दुसरी ग्रँड टूरर, म्हणजे लांबचा पल्ला वेगाने आणि तरीही सुखाने गाठण्यासाठी बांधलेली. 911 ला मागणी जास्त आणि भावही जास्त. 928 त्या मानाने बरीच स्वस्त. मी 911 कडे बोट दाखवलं असतं तर सौदा त्याच दिवशी झाला असता आणि मायस्टरांच्या पदरात दलालीही जास्त पडली असती. त्यांनी मला बसवून घेतलं, कॉफी दिली आणि विचारलं, “गाडीने कुठे कुठे जाता तुम्ही? आणि कोणाबरोबर?”

मी काहीतरी मोघम उत्तर दिलं.

“असं नको,” ते म्हणाले. “गेल्या वर्षभरात कुठल्या रस्त्यांवर गेलात ते लिहून आणा. शेजारी कोण बसलं होतं तेही लिहा. मग बघू.”

“तोवर 911 विकली गेली तर?”

“तर दुसरी येईल. या गावात त्या गाडीचा दुष्काळ नाही.”

इथली स्वाबियन माणसं मितभाषी. त्यांनी नावं ठेवली नाहीत की कौतुक झालं असं समजायचं, असं इथे म्हणतात. मायस्टर त्यातलेच. पण या दोन गाड्यांचा विषय निघाला की ते भरभरून बोलत, कारण त्यांच्या उमेदवारीच्या काळात हाच प्रश्न खुद्द कारखान्यापुढे उभा होता. 911 पहिल्यांदा लोकांपुढे आली ती 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. सत्तरच्या दशकात कंपनीची सूत्रं अर्न्स्ट फुरमान यांच्याकडे आली, तेव्हा त्यांना वाटत होतं की हवेवर थंड होणाऱ्या, मागे इंजिन असलेल्या गाडीचे दिवस भरले. अमेरिकेत आवाज, धूर आणि सुरक्षिततेचे नियम कडक होत चालले होते. म्हणून त्यांनी 928 उभी केली. पुढे पाण्यावर थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी. 1977 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली आणि 1978 चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा किताब तिने पटकावला. 911 हळूहळू बंद होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं.

मग 1981 च्या सुरुवातीला पीटर शुट्झ प्रमुख म्हणून आले. तांत्रिक विभागाचे प्रमुख हेल्मुथ बोट यांच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. कुठली गाडी किती वर्षं बनवायची ते त्यावर रेघांनी दाखवलं होतं. 911 ची रेघ त्याच वर्षाच्या शेवटी थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ पुढे ओढत तक्त्याबाहेर थेट भिंतीवर नेली. ही हकिगत शुट्झ यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मायस्टर ती सांगताना उभे राहत आणि बोटाने हवेत रेघ ओढून दाखवत. “आणि तरीही,” ते पुढे म्हणत, “928 बंद झाली नाही. 1995 पर्यंत दोन्ही गाड्या याच गावात बनल्या. एक काढून दुसरी ठेवायची नसते, हे कारखान्याला कळलं. कारण दोघींची माणसं वेगळी.”

पुढच्याच शनिवारी त्यांनी मला गावाबाहेरच्या ड्रायव्हिंगच्या सरावाच्या मैदानावर नेलं. तिथे पाणी मारून ओला ठेवलेला एक मोठा गोल रस्ता असतो. घसरणारी गाडी कशी सावरायची ते शिकायला लोक येतात. 911 त्यांनी स्वतः चालवली, मला शेजारी बसवलं. गोलात एक ठरावीक वेग धरला, गाडी वळणाला चिकटून चाललेली. मग त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. त्याच क्षणी गाडीची मागची बाजू बाहेर निघाली. माझ्या खिडकीत मघाशी दिसत असलेलं कुंपण सरकून समोरच्या काचेत आलं. त्यांनी स्टिअरिंग उलट फिरवलं, ॲक्सिलरेटर हलकेच दाबला आणि गाडी पुन्हा सरळ झाली. सगळं मिळून दोन श्वासांचं काम.

“इंजिन मागच्या चाकांच्या मागे आहे,” ते म्हणाले. “पाय काढला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ते जड इंजिन बाहेर जायला बघतं. म्हणून हिच्याबरोबर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा. वळणात शिरलात की पाय स्थिर. घाबरून पाय काढायचा नाही. ही गाडी तुमच्याकडून शिस्त मागते आणि ती पाळलीत तर भरभरून देते.”

मग 928 आणली. तोच गोल, तेवढंच पाणी, आणि तसाच एकदम उचललेला पाय. गाडी किंचित आत वळली आणि तशीच पुढे चालत राहिली. मागचं काही हललंच नाही. याचं रहस्य मागच्या सस्पेन्शनमध्ये आहे. जिथे ते विकसित झालं त्या गावावरून त्याला वाइसाख ॲक्सल म्हणतात. साधारणपणे वळणात पाय काढला की मागचं बाहेरच्या बाजूचं चाक रबरी बुशांच्या लवचिकपणामुळे केसभर बाहेरच्या दिशेला वळतं आणि गाडी घसरायला लागते. वाइसाख ॲक्सलमध्ये सांधे असे बसवले आहेत की तोच जोर चाकाला केसभर आत वळवतो. चालवणारा दचकेल हे बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेलं आहे.

मी इंजिनांवर काम करणारा माणूस. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. पण माणसाच्या भीतीला एकाच कारखान्याने दिलेली दोन उत्तरं मी त्या दिवशी अंगावर अनुभवली. एक गाडी म्हणते, भीती जिंकायला शीक. दुसरी म्हणते, तू रस्त्याकडे बघ, तेवढं मी सांभाळते. दोन्ही उत्तरांत सारखीच बुद्धी लागली आहे. यातलं एक मर्दानी आणि दुसरं आरामखोर, असं जे लोक बोलतात त्यात काही अर्थ नाही, हे मला मायस्टरांनी त्याबद्दल एक शब्दही न बोलता दाखवलं.

पुढचे बरेच शनिवार मी त्यांच्या गॅरेजात काढले. 911 चं ऑइल बघायचं तर इंजिन चांगलं तापलेलं, चालू आणि गाडी सपाट जागी उभी लागते, कारण त्या गाडीत ऑइल वेगळ्या टाकीत साठवलेलं असतं. इतर गाड्यांच्या सवयीने इंजिन बंद करून डिपस्टिक काढली तर आकडा भलताच दिसतो आणि लोक उगाच ऑइल ओतत बसतात. मायस्टर डिपस्टिक पुसायचे, पुन्हा घालायचे, काढून उजेडाकडे धरायचे आणि मग ती माझ्या हातात द्यायचे. 928 लिफ्टवर चढवली की खालून पुढचं इंजिन आणि मागचा गिअरबॉक्स यांना जोडणारी लांब नळी दिसायची. तिच्या आत एक बारीक शाफ्ट इंजिनाच्या वेगाने फिरत असतो. वजन असं पुढेमागे वाटून टाकल्यामुळे ती गाडी लांबच्या प्रवासात इतकी शांत राहते. ही युक्ती नवी नव्हे. 1951 सालच्या लान्चिया ऑरेलिया बी 20 जीटीमध्येही गिअरबॉक्स मागेच होता. टायमिंग बेल्ट मात्र 928 ची दुखरी बाजू. तो भलताच लांब, त्याचा ताण वेळच्या वेळी तपासावा लागतो आणि बदलायचा तर खर्च मोठा. “गाडी स्वस्त मिळेल, सांभाळणं स्वस्त नाही,” हे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून बजावलं. ज्या गाडीने त्यांना कमी पैसे मिळणार होते तिचेही दोष त्यांनी झाकले नाहीत.

इकडे घरी बायकोने आणि मी मिळून वही भरली. भरताना आम्हालाच नवल वाटत गेलं. ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटला जाणारा तो सुंदर वळणांचा रस्ता, ज्याच्यासाठी मला 911 हवी होती, त्याची नोंद वहीत अगदी क्वचित होती. पानं भरली होती ती वेगळ्याच रस्त्यांनी. घाट चढून उल्म, तिथून केम्प्टन, मग आल्प्समधून इन्सब्रुक, ब्रेनर खिंड आणि पलीकडे इटलीत बोल्झानो. शेजारी बायको आणि मागच्या सीटवर मुलगी, ती तेव्हा लहान होती. पुण्याहून आईवडील आले की त्यांना घेऊन फिरणंही होतंच. पण त्यासाठी आमची घरची साधी गाडी होती.

मायस्टरांनी वही शेवटपर्यंत वाचली. मराठीतल्या नोंदींचा अर्थ मला विचारून घेतला. वाचून झाल्यावर वही मिटली आणि माझ्यासमोर ठेवली. कुठली गाडी घ्या, हे ते बोलले नाहीत. मी दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली. 928 चं दार उघडून मुलीला मागे बसवलं. या गाडीत मागच्या प्रवाशांनाही उन्हाचे छोटे पडदे दिलेले आहेत. पुढच्या सीटसमोर असतात तसेच घडीचे. तिने तो खाली ओढला, वर केला, पुन्हा खाली ओढला. ज्यांनी आठ सिलिंडरचं तीनशे अश्वशक्तीचं इंजिन बांधलं, त्यांनी मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाचाही विचार केला होता. मी 928 घेतली.

सौदा झाल्यावर मी विचारलं, “मायस्टर, तुम्ही स्वतः मात्र 911 च चालवता ना?”

“माझ्या बायकोला गाडीचा प्रवास सोसत नाही,” ते म्हणाले. “लांब जायचं तर आम्ही रेल्वेने जातो. गाडी मी रविवारी सकाळी एकटा काढतो, तासाभरासाठी. माझी वही लिहिली असती तर त्यात तेवढंच निघालं असतं.”

या शनिवारांचे आणि मैदानावरच्या त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, “बेल्ट बदलताना मी पैसे घेणारच आहे, काळजी नको.” त्याप्रमाणे घेतलेही, चोख, पावतीसकट. पुढे वयोमानाने त्यांनी गॅरेज बंद केलं. गाडी किमान तीस वर्षांची असली की जर्मनीत तिला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळू शकते आणि वर्षाचा कर सुमारे 191 युरोंवर स्थिर होतो. त्यासाठीची तपासणी मला त्यांच्याशिवाय पार पाडता आली, कारण कुठे काय बघायचं हे तोवर हातात बसलं होतं. ब्रेनर अजूनही आम्ही याच गाडीने ओलांडतो आणि पलीकडे उतरताना पाठ दुखत नाही की कान किटत नाहीत.

911 बद्दलची माझी ओढ कमी झालेली नाही. रस्त्यात दिसली की मी आजही थांबून बघतो. त्यांनी ती ओढ मोडून काढली नाही, की मूर्खपणा म्हणून तिची चेष्टा केली नाही. तिच्याशेजारी त्यांनी माझं खरं आयुष्य मांडून ठेवलं आणि दोन्हींकडे नीट बघायला मला वेळ दिला. ज्याच्या हातात विकायचा माल असतो, त्याने असा वेळ देणं ही छोटी गोष्ट नाही. ओळखीची तरुण मुलं गाडीचा सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी रस्ते लिहून आणायला सांगतो. काहींच्या वहीत सगळी वळणंच निघतात. त्यांना मी स्पोर्ट्स कार घ्या असं मनापासून सांगतो. कोणीतरी आपल्या हौसेला गांभीर्याने प्रश्न विचारावेत आणि उत्तर मात्र आपल्यावर सोपवावं, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. परक्या गावात, परक्या भाषेत ते माझ्या वाट्याला आलं. हे ऋण फिटावं अशी माझी इच्छाही नाही.